एकाचा गांधार, दुसऱ्याचा षड्ज

मावळातल्या एका भजनी मंडळाची पेटी गेल्या महिन्यात माझ्याकडे आली. नर-नर, म्हणजे एकाच उंचीच्या सुरांच्या दोन ओळी, साडेतीन सप्तकं, 42 पट्ट्या. बुवांची तक्रार एका वाक्याची: "मिस्त्री, भूपातला गांधार बोचतो. पूर्वी बोचत नव्हता."

भोसरीच्या कारखान्यात मी एकोणीस वर्षं टूलरूमला जोडारी होतो. ती टूलरूम बंद झाली आणि मी पेटीदुरुस्तीत आलो. कानस तीच आहे, ड्रॉइंग मात्र नाही. माप कानाने घ्यायचं.

पावसाळ्यानंतर येणाऱ्या बहुतेक पेट्यांचा आजार लाकडाचा असतो. पट्टी फुगून अडकते, झडपेखालचं चामडं नीट बसत नाही, वारा गळतो. ही पेटी त्यातली नव्हती. भाता भरून सोडला तर हवा टिकत होती. बुवांच्या गांधाराची पट्टी पांढरी चार; ट्यूनरवर ती 349.2 हर्ट्झ, म्हणजे बिनचूक. तरी बुवांना बोचत होती.

सूरपट्टी, म्हणजे जिच्यावरची पितळी जीभ वाऱ्याने थरथरून वाजते ती पट्टी, काढून भिंगाखाली धरली आणि उलगडा झाला. पितळी जिभेच्या मुळाशी, रिव्हेटजवळ, जुनी खरवड होती. उभी, एकसारखी, हात फिरवला तरी न जाणवणारी. टोकाला ताजे, आडवे ओरखडे. मुळाशी पितळ काढलं की सूर उतरतो, टोकाशी काढलं की चढतो. म्हणजे कुणा जाणत्याने या सुरांना मुद्दाम उतरवलं होतं आणि नंतरच्याने मोबाइल समोर ठेवून ते 'दुरुस्त' केले. दोन्ही ओळींतल्या चार-चार पांढऱ्या चारांना, आठही जिभांना, सगळ्यात खोल कानस लागली होती.

आडवा ओरखडा बघून मला राग येतो. सेकंदाला साडेतीनशे वेळा वाकणाऱ्या पितळेला तडा जातो तो अशाच रेघेतून. जिभेखाली पाच शतांश मिलिमीटरची फीलर पट्टी सरकवून, आधार देऊन, लांबीच्या दिशेनेच खरवडायचं. घासल्यावर जीभ कोमट होते आणि सूर तेवढ्यापुरता उतरलेला दाखवते. पाच मिनिटं थांबायचं, सूरपट्टी पेटीत बसवायची, भात्याचा दाब सारखा ठेवून मगच मोजायचं. नुसत्या टेबलावर फुंकून घेतलेलं माप पेटीत टिकत नाही. एवढी सबुरी ज्याच्याकडे नाही त्याने सुरांना हात लावू नये.

बुवा काळी एकमध्ये गातात. त्यांचा षड्ज 277.2. त्याचा सव्वापट, म्हणजे कानाला गोड लागणारा शुद्ध गांधार, 346.5 येतो. पेटीत सप्तकाचे समान बारा भाग असतात; त्यातला गांधार त्याहून 14 सेंट (एका भागाचा शंभरावा हिस्सा म्हणजे सेंट) चढा असतो. तंबोऱ्याशेजारी चाळीस वर्षं गायलेल्या माणसाला तेवढं पुरतं. बुवांचा कान बरोबर होता, ट्यूनरही बरोबर होता.

खरी अडचण फोनवर कळली. त्याच पेटीवर दर एकादशीला महिला मंडळ पांढरी चारमध्ये गातं. बुवांचा गांधार हाच त्यांचा षड्ज. तो उतरवला तर त्यांचं सगळं गाणं कुबड्यांवर.

मुळाशी पुन्हा खरवडायचं मी टाळलं. टोक आधीच पातळ, मूळही पातळ केलं तर जीभ वर्षभरात तुटेल. दर वेळी सूरपट्टी बदलून घालणंही नको. प्रत्येक सूरपट्टीला दोन स्क्रू, आणि लाकडातले आटे दोन-चार खेपांत सैल होतात. शेवटी एकाच ओळीतल्या चार जिभांच्या टोकांवर सोल्डरचा कण ठेवला. मधल्या सप्तकाच्या जिभेवर तो मोहरीच्या निम्माही नव्हता. पंचवीस वॅटचं सोल्डरिंग आयर्न, आधी टोक खरडून लख्ख, आणि रस जिभेच्या कडेवरून खाचेत उतरणार नाही एवढीच उष्णता. कडेला चिकटला तर सूर खरखरतो. कण मुद्दाम थोडा जास्त ठेवून मग खरवडत 346.5 वर आणला. पितळेला धक्का नाही. उद्या कुणाला नको असेल तर कण काढून टाकावा. दुसरी ओळ 349.2 वरच ठेवली. बुवांचा गांधार खरवडताना हळूहळू वर सरकत आपल्या जागी येऊन थांबला, तेव्हा मी कितीतरी वेळ भाता हलवत नुसता तोच ऐकत बसलो. टूलरूममध्ये जॉब पास झाल्यावर असं कधी बसलो नव्हतो.

बुवांच्या ओळीचा वारा उघडणाऱ्या खुंटीला, स्टॉपरला, लाल दोरा बांधून दिला. काळी एकला फक्त तो उघडायचा, महिलांनी फक्त दुसरा. दोन्ही उघडले तर पांढरी चारवर सेकंदाला पावणेतीन लाटा येतात, म्हणजे आवाज तेवढ्या वेळा कमी-जास्त होतो, हेही सांगितलं.

परवा कीर्तनाला गेलो. पखवाज तापला, वीस टाळ सुरू झाले आणि एका ओळीचा आवाज त्यात बुडाला. बुवांनी माझ्याकडे पाहिलं आणि दुसराही स्टॉपर ओढला. पेटी भरून बोलली, गांधारावर लाट आली. बुवा त्या पट्टीवर बोट फार टेकवत नव्हते. गांधार गळ्यानेच लावत होते.