साडेचारशेचा टॉवेल

शनिवार, 17 जानेवारी. रात्रीचे साडेअकरा.

आज राजीनामा टेबलावर ठेवून आलो. चार ओळींचा. पण त्या चार ओळींना तीन रात्री लागल्या, कारण पहिल्या खर्ड्यात सगळं होतं. मेहुण्याने वाचला आणि म्हणाला, "हा राजीनामा हाय का फिर्याद बे?" मग 'घरगुती कारणास्तव'वर आलो. सगळे तेच लिहितात, मीही लिहिलं.

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना, डिस्पॅच म्हणजे माल पाठवायचं काम माझ्याकडे. चलन, मालवाहतुकीचं ई-वे बिल, ट्रान्सपोर्टवाल्याशी हुज्जत, पार्ट्यांचे म्हणजे घेणाऱ्या व्यापाऱ्यांचे फोन. काम मला आवडायचं, हे आजच लिहून ठेवतो, नाहीतर उद्या मलाच वाटायला लागेल की पहिल्या दिवसापासून वाईटच होतं. गाडी भरून, ताडपत्री आवळून गेटबाहेर पडली की बरं वाटायचं. लूमच्या, म्हणजे मागांच्या, खडखडाटात सहा वर्षं आठ महिने बोललो, म्हणून घरीही मोठ्याने बोलतो असं बायको म्हणते.

साहेब दोन. थोरले आणि धाकटे, बापलेक. थोरले सकाळी सांगणार, इंदूरचा माल आधी काढा. गाडी निम्मी भरली की धाकटे खाली उतरणार, "हे कुणी भरायला सांगितलं?" थोरल्यांचं नाव घ्यायची सोय नाही, कारण ते सरळ म्हणत, "मी कधी म्हणालो?" शेवटी मी एक वही घातली. तारीख, वेळ, कोण काय बोललं. एकदा भाबडेपणाने ती थोरल्यांपुढे उघडली. "माझ्यावर पाळत ठेवतोस काय?" वही त्याच दिवशी बंद झाली. अजून कपाटात आहे. तिची निम्मी पानं कोरीच राहिली.

ओरडा खाण्याचं मला फार नव्हतं. ओरडा कुठे नाही? खरी गोष्ट वजनाची.

तीस बाय साठ इंचाचा टॉवेल साडेचारशे जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला साडेचारशे ग्रॅमचा, असेल तर तो सव्वापाचशे ग्रॅमच्या आसपास भरायला हवा. चारशेचा भरतो साधारण चारशे पासष्ट. हातात घेऊन गिऱ्हाइकाला फरक कळत नाही, दोन-चार धुण्यांनंतर कळतो. दिवाळीनंतर सूत महागल्याचं कारण निघालं आणि लूमवर चारशेचा माल सुरू झाला. लेबल मात्र साडेचारशेचंच. सोलापुरी टेरी टॉवेलला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, त्याचं कात्रण केबिनच्या भिंतीवर फ्रेम करून लावलंय. त्या फ्रेमखाली बसूनच हा निर्णय झाला. मी तिथे होतो आणि गप्प बसलो, हेही लिहायला हवं.

डिसेंबरात इंदूरच्या पार्टीने माल तोलला. फोन आला तेव्हा धाकट्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं, स्पीकर लावला आणि म्हणाले, "सेठजी, हमारा डिस्पॅचवाला सामने बैठा है, उसीसे पूछिए." मग माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. मी म्हणालो, "गलती से लॉट बदल गया, सेठजी." पलीकडून जे ऐकून घ्यायचं ते घेतलं. फोन ठेवल्यावर धाकट्यांनी माझ्यासाठी स्पेशल चहा मागवला. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "एवढं चालतंय रे धंद्यात."

तो चहा मी प्यायलो. गोड होता.

याच आठवड्यात गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या, यात्रेतला अक्षता सोहळा होता. लहानपणापासून मी चुकवलेला नाही. बाराबंदी घातलेली माणसं, नंदीध्वज, सगळ्यांच्या हातातल्या अक्षता आणि 'एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र'. चार तासांची सुट्टी मागितली तर धाकटे पेन टेबलावर टकटक वाजवत म्हणाले, "कारखाना काय धर्मशाळा आहे?" निम्मे कामगार आलेच नव्हते, म्हणून आलेल्यांनी सगळं ओढायचं.

दुपारी इंदूरहून पुन्हा फोन. पुन्हा वजन. मी तडक चेकिंगच्या टेबलावर गेलो. तिथे एक अक्का आहेत, माझ्या आईच्या वयाच्या. हेमिंगचा सुटलेला टाका बघायला त्यांना चष्मासुद्धा लागत नाही, बोट फिरवून सांगतात. त्यांच्यावर मी ओरडलो. चेकिंग म्हणजे काय असतं ते तरी कळतं का, पार्टी मला शिव्या घालते, वगैरे. अक्का म्हणाल्या, आज दुपारी सोडा म्हणून सकाळीच सांगितलं होतं दादा, नातवाला अक्षतेला न्यायचंय. मी म्हणालो, "कारखाना काय धर्मशाळा आहे?"

माझ्या हातात पेन होतं आणि ते टेबलावर वाजत होतं.

अक्कांनी काही उत्तर दिलं नाही. गठ्ठ्यातला वरचा टॉवेल उचलला, शेजारच्या काट्यावर ठेवला. चारशे त्रेसष्ट. "लूमवरूनच असा येऊलालाय की," त्या म्हणाल्या. "तुमाला ठावं नाही काय?"

ठावं होतं. त्यांना सोडून दिलं, स्वतःच्या जबाबदारीवर. पण तोवर अक्षता पडून गेल्या होत्या, रस्त्यावर माणसं परतताना दिसत होती. त्या रात्री पहिला खर्डा लिहिला.

मंगळवार, 17 फेब्रुवारी. सकाळ.

महिनाभराची नोटीस काल संपली. मधल्या दिवसांत सांगण्यासारखं एवढंच, की थोरले दोन हजार वाढवून देतो म्हणाले आणि धाकट्यांनी बोलणंच सोडलं. अक्कांची माफी मागायला दोनदा टेबलापर्यंत गेलो. दोन्ही वेळा त्यांनी मलाच विचारलं, जेवलास का? म्हणून अजून मागितलेली नाही.

ग्रॅच्युइटीचा विषय काढला तर धाकटे म्हणाले, लॉकडाऊनमध्ये कारखाना बंद होता, तुमची पाच वर्षं सलग कुठे झाली? माझा एक मित्र कर सल्लागाराकडे कामाला आहे, त्याने आधीच सगळं समजावलं होतं. कामगाराचा दोष नसताना काम बंद राहिलं तर सेवा तुटत नाही. वरचे महिने सहाहून जास्त असले तर ते पूर्ण वर्ष धरतात, म्हणजे माझी सात वर्षं. चलनाच्या पाठीवर हिशेब मांडला: मूळ पगार 14,000, त्याला 15 ने गुणून 26 ने भाग, गुणिले सात. 56,538 रुपये. तीस दिवसांत द्यायला हवेत. लेखी अर्ज दिला आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. सही करताना धाकट्यांचा हात थांबला होता, ते बघायला मला आवडलं. नाही कशाला म्हणू?

वडील गिरणीतले. काल रात्री जेवताना एवढंच म्हणाले, "आमची गिरणी बंद पडली, आम्हाला कुणी विचारलं नव्हतं. तू आपण होऊन सोडलीस." रागाने म्हणाले की कशाने, ते कळलं नाही. नंतर माझ्या ताटात आणखी एक कडक भाकरी ठेवली.

नवी नोकरी अजून नाही. एका ठिकाणी बोलणं चाललंय, पगार इथल्यापेक्षा कमी. दोन हप्ते थकतील, ते बायकोला सांगितलंय. ती म्हणाली, बरं झालं, उद्या पाण्याचा दिवस आहे, कधी नव्हे तो घरी असशील.

म्हणून आज पहाटेपासून मोटार, पाइप, पिंप, हंडे. सकाळी नऊला फोन वाजला. माझ्या जागेवर घेतलेला नवा पोरगा. ई-वे बिलाच्या पोर्टलचा पासवर्ड विचारत होता. सांगितला. मग आवाज खाली करून म्हणाला, "दादा, इंदूरच्या लॉटला कुठलं लेबल लावायचं? थोरले एक म्हणायलेत, धाकटे एक."

मी म्हणालो, "चेकिंगच्या टेबलावर काटा आहे, आधी तोलून बघ. आणि कोण काय म्हणालं ते लिहून ठेव. कपाटात माझी वही आहे, निम्मी कोरी आहे."

"त्यांना दाखवू का ती?"

उत्तर सुचेना. तेवढ्यात वरून बायको ओरडली, टाकी भरून पाणी गच्चीवर वाहायला लागलं होतं. फोन तसाच ठेवून मोटार बंद करायला पळालो.