खिशातला पेढा

सातारा, १८ जून, रात्र

दुपारी मृगाचा पाऊस आला. आधीच्या दोन सरी नुसत्या धूळ बसवून गेल्या होत्या, आजचा मात्र खरा. अजिंक्यतारा तासभर दिसेनासा झाला. माळ्यावर एका कोपऱ्यात गळायला लागलं तशी आईने हाक मारली, "तुझं ते बर्फातलं सामान भिजतंय बघ." मे महिन्याच्या सुरुवातीला परत आले, तेव्हापासून ती बॅग मी उघडलीच नव्हती. खरं तर उघडायची नव्हती.

सगळ्यात वर स्किन होत्या. स्कीच्या तळाला चिकटवायचे हे लांब पट्टे. एका अंगाला आखूड केस, सगळे एकाच दिशेला झुकलेले. पुढे सरकताना ते गुळगुळीत लागतात आणि मागे घसरू लागलं की उभे राहून बर्फ धरतात. त्यांच्या जोरावरच स्की पायात ठेवून डोंगर चढता येतो. पूर्वी सीलच्या कातड्याच्या असायच्या, आता नायलॉन आणि अंगोरा शेळीच्या लोकरीच्या असतात. आजीने आधी सुलटा, मग उलटा हात फिरवून पाहिला आणि म्हणाली, "मांजराच्या पाठीवरनं उलटा हात फिरवल्यागत लागतंय." इतक्या वर्षांत इतकं नेमकं वर्णन मला कुणाकडून ऐकायला मिळालं नव्हतं.

मे महिन्याच्या उकाड्यात पट्ट्यांचा ग्लू पाघळून दोन पट्टे एकमेकांना घट्ट चिकटले होते. एक टोक आईने धरलं, एक मी. ओढल्यावर चर्रर्र असा लांबलचक आवाज झाला आणि एकदम पहाटेचे चार वाजले. डोंगरातल्या मुक्कामाच्या हटच्या बाहेर कपाळावर बॅटऱ्या लावलेली माणसं, सगळ्यांच्या हातून येणारा हाच आवाज.

मग जॅकेट झटकलं. डाव्या आतल्या खिशात बटरपेपरची पुडी होती. आत कंदी पेढा. वाळून खडा झालेला, एका कडेला पांढुरका पडलेला. पेढा कुठल्या दिवसाचा हे मला लगेच कळलं. आईला काही बोलले नाही.

१९ जून

सकाळभर ब्राउन पेपर आणि इस्त्री घेऊन जुना ग्लू काढत बसले. कागद ठेवायचा, कोमट इस्त्री फिरवायची, कागद ओढून काढायचा. हात कामात गुंतलेले असले की लिहायचं काय ते आपोआप जुळत जातं, म्हणून आज सगळं लिहून टाकते.

वाट आल्प्समधली, फ्रान्सच्या शामोनीपासून स्वित्झर्लंडच्या झेरमॅटपर्यंत. तिकडे तिला ओट रूट म्हणतात, म्हणजे उंचावरची वाट. १८६१ साली इंग्रज गिर्यारोहकांनी ती पायी जोडली आणि १९११ साली ती पहिल्यांदा स्कीवर पूर्ण झाली. हिमनदीवरून खिंडीत, खिंडीतून पलीकडच्या हिमनदीवर, असे साधारण सहा दिवस. लोझानच्या नोकरीतले चार हिवाळे मी स्की शिकण्यात घातले होते. आता कायमचं साताऱ्याला यायचं ठरलं, तेव्हा एवढी एक वाट करूनच निघायचं असं मनाने घेतलं. सोबत कॉलेजातले दोघं, एक मित्र आणि एक मैत्रीण. आम्ही अजून एकमेकांना गावाच्या नावानेच हाक मारतो: वाईकर, सध्या झुरिकला, आणि सांगलीकर, जिनिव्हाला. चौथे आमचे गाईड, पन्नाशीचे, कमी बोलणारे.

सांगलीकरने भडंग आणलं होतं, मी मोती चौकातले कंदी पेढे. खवा चांगला तांबूस होईपर्यंत भाजलेला असतो म्हणून हा पेढा टिकतो, आणि थंडीत त्याचा दगड होत असला तरी तोंडात धरला की हळूहळू विरघळतो. पहिल्या दिवशी शार्दोनेच्या खिंडीत, ३,३०० मीटरच्या वर, वाईकरने प्रत्येकाच्या हातावर एकेक ठेवला आणि तेव्हापासून तो नियमच झाला. खिंड आली की पेढा. त्या खिंडीच्या पलीकडची उतरण इतकी तीव्र आहे की गाईडनी आम्हाला दोराने एकेक करून खाली सोडलं. खाली पोचल्यावर माझे पाय थरथरत होते. पेढा तोंडात होता, आणि इतकं बरं मला फार क्वचित वाटलंय.

दोराबद्दल लिहायलाच हवं. हिमनदीवर भेगा बर्फाने झाकलेल्या असतात. वरून सपाट मैदान दिसतं, खाली पोकळी. म्हणून दोराने बांधून घेऊन चालायचं, मध्ये दहा-बारा मीटर अंतर. दोर बर्फाला जेमतेम टेकेल इतपत ताणलेला हवा. सैल पडला आणि कुणी भेगेत गेलं, तर जास्त खोल जातं. फार ताणला तर पुढच्याच्या कमरेला खेच बसते. इतक्या अंतरावरून बोलणं शक्य नसतं, वाऱ्यात तर नाहीच. पण पुढचा दमला की मागच्याला दोर सैल पडून ते कळतं. माझ्या मागे वाईकर होता, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

मधले दिवस भराभर गेले. त्रियांच्या हटवर पाणी म्हणजे वितळवलेला बर्फ. दुसऱ्या दिवशी शाँपेला खाली उतरून गाडीने व्हर्बिए, मग रोझाब्लांशचं शिखर आणि प्राफ्लरीची हट. रोज पहाटे गाईड पुढे उभे राहायचे आणि आम्ही एकेक करून त्यांच्यासमोरून जायचो. प्रत्येकाच्या छातीवरचा बीपर, म्हणजे बर्फाखाली गाडलेल्याचा ठाव देणारं यंत्र, वाजतोय ना ते तपासायचे. हिमप्रपातात गाडलं गेलं तर पहिल्या पंधरा मिनिटांतच शोधणारे आपले सोबतीच असतात. बाहेरची मदत तोवर पोचत नाही. हे वाक्य ते रोज म्हणायचे, रोज त्याच गंभीरपणे.

चौथ्या दिवशीचं मात्र आजीला सविस्तर सांगितलं, कारण त्या दिवशी धरण लागलं. लाक दे दीस नावाचा जलाशय, ग्रांद दिक्सांस धरणाचा. भिंत २८५ मीटर उंच. आपल्या कोयनेची १०३. जलाशयावरच्या उतारावर हिमप्रपाताची भीती, म्हणून उजाडतानाच एकेक जण अंतर ठेवून आडवं सरकत गेलो. खाली पाणी पार तळाला गेलेलं, काठावर बर्फाचे तुकडे कलून पडलेले. कोयनेचं पाणी उन्हाळ्यात असंच उतरतं आणि लाल मातीचे टप्पे उघडे पडतात. तिथे ३५ हिमनद्यांचं वितळलेलं पाणी बोगद्यांतून येतं, सप्टेंबरअखेर तळं भरतं आणि हिवाळाभर वीज करत रिकामं होतं. एवढी उंच भिंत, पण साठा आपल्या हिशेबात जेमतेम १४ टीएमसी. कोयनेचा १०५.

आजीचं माहेर कोयनेच्या पाण्यात गेलंय. तिने उंची विचारली नाही, टीएमसीही नाही. "तिथं कुणाची गावं गेली?" एवढंच विचारलं. मला माहीत होतं ते सांगितलं, की तिथे १९३५ साली बांधलेलं जुनं धरणच नव्या धरणाच्या पाण्यात गेलंय. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आन् आता हिमनद्याच गेल्या तर?" २०२२ आणि २०२३ या दोन वर्षांत मिळून स्वित्झर्लंडच्या हिमनद्यांतला सुमारे दहा टक्के बर्फ संपला, हे मला माहीत होतं. माझ्याच्याने ते तिला सांगवलं नाही. इस्त्री पुन्हा तापवली.

रात्री

पेढ्याचं राहिलं.

पाचव्या दिवशी दीस हटवरून निघताना माझं डोकं ठणकत होतं. आदल्या रात्रीपासूनच. कुणालाही सांगितलं नाही. सर्पांतिनचा चढ उभा आणि टणक, स्कीला खालून धातूचे दाते लावून चढावं लागलं. वळणावर एक पाय उचलून उलटा फिरवायचा असतो, तो तिसऱ्या-चौथ्या वेळी फिरेचना. पिन्य दारोलाच्या माथ्यावर, सुमारे ३,७९० मीटरवर, वाईकरने पेढा दिला. वास आला आणि पोटात ढवळलं. "मस्त," म्हटलं आणि तो खिशात घातला. उतरायच्या आधी बुटाचं बक्कल लावायचं होतं. बोटं बधिर, बक्कल लागेना. वाईकर न बोलता खाली बसला, त्याने ते खटकन लावलं आणि उठला.

उतरताना धुकं आलं. व्हिन्येत हट कड्याच्या टोकावर बसलेली आहे, हाताच्या अंतरावर असली तरी दिसत नाही. गाईड थांबले. २०१८च्या एप्रिलअखेरीस इथेच वादळात काही जणांना रात्र उघड्यावर काढावी लागली आणि त्यांतले सात जण गेले. हट तिथून काही शे मीटरवर होती. गाईडनी हे हळू आवाजात सांगितलं आणि पुढे निघाले.

संध्याकाळी नकाशा पसरून ते म्हणाले, उद्या दुपारनंतर हवा बिघडणार. तीन खिंडी आणि झेरमॅटपर्यंतची लांब उतरण आहे. साडेतीनला निघून वेग टिकवला तर जमेल. टिकेल का? मी "हो" म्हणणारच होते. तेवढ्यात वाईकर म्हणाला, "माझा गुडघा गेलाय. मला नाही जमणार." गाईड एक, दोर एक. सगळ्यांनी उतरायचं ठरलं.

सकाळी दीड तासात खाली आरोला. तिथून पिवळ्या बसने सिओंकडे. दिवसभर आभाळ निळं होतं. हवा बिघडली ती थेट रात्री. बसमध्ये मी मनात मोजत होते: आत्ता आपण वालपेलिनच्या खिंडीत असतो, आत्ता मॅटरहॉर्नचं शिखर दिसलं असतं. चार हिवाळे मी त्या एका दृश्यासाठी घातले होते. वाईकरने दोनदा बोलायचा प्रयत्न केला. मी खिडकीबाहेर बघत राहिले. त्यानंतर दोन महिने त्याच्या मेसेजला "हो" आणि "बरं" याच्यापुढे मी काही लिहिलं नाही.

२० जून

सांगलीकरचा फोन आला होता. स्किनचा विषय निघाला, त्यावरून वाईकर. मी म्हटलं, "त्याचा गुडघा कसा आहे आता?" खोचूनच म्हटलं होतं, हे इथे लिहून ठेवते.

ती म्हणाली, "कुठला गुडघा?"

मग दोघी थोडा वेळ गप्प. तिला वाटत होतं मला ठाऊक असेल. गुडघ्याला काहीही झालेलं नव्हतं. त्याच आठवड्यात तो झुरिकला वीस किलोमीटर धावून आला होता. "अगं, तुझा दोर सारखा सैल पडत होता, त्याला कळणार नाही का? आणि तू पेढा खिशात टाकलास ना, तेव्हाच मला म्हणाला, हिचं डोकं दुखतंय, आणि ही सांगणार नाही."

फोन ठेवल्यावर गॅलरीत जाऊन बसले.

खरंच सांगितलं नसतं मी. डोकं ठणकतंय, मळमळतंय, हात-पाय ऐकत नाहीत. ही उंचीची लक्षणं मला पाठ होती आणि त्यावर उपाय एकच, खाली उतरणं, हेही. वाईकर सगळ्यांसमोर म्हणाला असता की हिला जमणार नाही, तर मी भांडले असते. गाईडनी विचारलं असतं तर "मी ठीक आहे" म्हणाले असते, आणि पहाटे साडेतीनला त्या दोराला बांधून तिघांनाही माझ्यासोबत नेलं असतं. शेवटच्या उतरणीवर भेगा आहेत. पुढचं लिहवत नाही.

आणि तो त्या संध्याकाळी नकाशावर वाकलेला, उजवा गुडघा हातात धरून. मी त्याच्याकडे कशा नजरेने पाहिलं होतं ते मला आठवतंय. त्यालाही आठवत असणार.

२१ जून

सकाळी नऊ वाजता फोन केला. तिकडे साडेपाच. विसरूनच गेले होते. झोपेतच "काय झालं? घरी सगळे बरे ना?" असं म्हणाला.

म्हटलं, "तुझा गुडघा कसा आहे?"

बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "बरा आहे आता. तेव्हा दुखत होता गं थोडा."

"कुठला?"

"डावा."

"त्या दिवशी तू उजवा धरला होतास."

तो पुन्हा गप्प. मला जे म्हणायचं होतं ते सगळं घशात अडकलं होतं. रात्रभर मनात वाक्यं लावून ठेवली होती, त्यातलं एकही आलं नाही. "पेढा अजून माझ्या खिशात आहे," एवढंच म्हणाले आणि रडू आलं. त्याने मला रडू दिलं. मध्ये एकदाही "जाऊ दे" म्हणाला नाही, आणि ते फार बरं केलं त्याने.

नंतर त्यानेच विचारलं, स्किन नीट सुकवल्यास का. म्हटलं, ग्लू काढून झालाय, सावलीत टांगल्यात, आजी रोज एकदा हात फिरवते. तो हसला. गणपतीला वाईला येणार आहे. आल्यावर पहाटे अजिंक्यतारा चढायचा असं ठरलं.

बाहेर पागोळ्या जोरात गळत होत्या.

"पाऊस का?" त्याने विचारलं.

"हो. ऐक जरा," म्हटलं आणि फोन खिडकीबाहेर धरला.