दहा मिनिटांची पट्टी आणि पाटोद्याची पाणंद

"सर, हगवणीची कुठलीही केस असू द्या. पट्टी बुडवा, दहा मिनिटांत निदान." विक्रेत्याच्या या वाक्यावर मी जनावरांच्या तपासणीच्या दहा पट्ट्यांचे साडेतीन हजार मोजले. जूनच्या शेवटी पाटोद्याकडच्या धनगरांचा फोन आला, कोकरं मरायलीत म्हणून. मी उत्साहात निघालो.

बीड, मांजरसुंबा, पाटोदा. इथपर्यंत डांबर आहे, सांगण्यासारखं काही नाही. खरा प्रवास शेवटच्या चार किलोमीटरच्या पाणंदीचा. पाऊस झालेला असेल तर दुचाकी डांबरावरच लावा आणि चालत जा. मी नेली. अर्ध्या किलोमीटरवर काळी माती मडगार्डात अशी बसली की चाक फिरेना. तुराटीने खरवडली, दहा पावलांवर पुन्हा तेच. शेवटी एका ट्रॅक्टरवाल्याने गाडी ओढून काढायचे 700 रुपये घेतले. दर आधी ठरवा. रुतल्यावर घासाघीस करता येत नाही. पुढचं अंतर बर्फाचा डबा डोक्यावर घेऊन चाललो.

वाघुरीजवळ, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीजवळ, तीन कोकरं मरून पडली होती. दोन-अडीच महिन्यांची, टणक, गुबगुबीत. धनगर मामा म्हणाले, "रातच्याला चांगली हुती बगा, डॉक्टर. कोवळं गवत खाल्लं की जे तयार हाय तेच जातंय." निदान तिथेच झालं होतं: आंत्रविषार, म्हणजे आतड्यात जंतूंचं विष तयार होऊन अचानक मारणारा रोग. पण मला पट्टीची घाई.

पहिल्या दोन पट्ट्यांवर 'सी' रेषच, म्हणजे पट्टी चालते हे दाखवणारी रेषच, उमटली नाही, म्हणजे पट्टीच बाद. पाकिटावर बारीक अक्षरात 2 ते 30 अंश लिहिलेलं. ती दोन दिवस गाडीच्या डिक्कीत होती, आणि उन्हात डिक्कीचं काय होतं हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. तिसरीवर 'सी' आली, बाकी कोरी. मग माहितीपत्रक नीट वाचलं. ती पट्टी वासरांच्या हगवणीची: रोटा आणि कोरोना हे विषाणू आणि के 99 जातीचा ई. कोलाय हा जिवाणू. हा ई. कोलाय जन्मानंतरच्या पहिल्या चार-पाच दिवसांतला. आंत्रविषाराशी तिचा काही संबंध नाही. कोऱ्या पट्टीवर विसंबून मामांना "जंतू नाही" म्हणालो असतो तर उरलेला कळपही गेला असता.

कामी आली ती वडिलांच्या शुगरसाठी घेतलेली लघवीच्या पट्ट्यांची बाटली. ती बॅगेतच राहिली होती. ताजं मेलेलं कोकरू उघडलं, मूत्राशयातून सुईने लघवी ओढली आणि थेंब पट्टीवर सोडला. निळसर चौकोन हिरवा झाला, मग तपकिरीकडे गेला. आंत्रविषाराचा जंतू क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स, त्याच्या 'डी' प्रकाराच्या विषाने मेंढरांच्या लघवीत साखर उतरते. हृदयाच्या पिशवीत पिवळसर पाणी होतं, मूत्रपिंड मऊ. मूत्रपिंडावर फार भरवसा ठेवू नका, उशीर झालेल्या प्रेतात ते तसंही मऊ पडतं. साखर दिसली नाही म्हणून रोग नाही, असंही समजू नका. शेळ्यांत तर ती बऱ्याचदा सापडतच नाही.

चाकू लावण्याआधी एक पाहाच: नाकातून किंवा गुदद्वारातून काळं, न गोठणारं रक्त आलं असेल तर प्रेत उघडायचं नाही. ती फाशी, म्हणजे अँथ्रॅक्स, असू शकते. कानाच्या शिरेतून काचपट्टीवर रक्ताचा थेंब घ्या आणि प्रेत खोल पुरा.

पक्कं निदान प्रयोगशाळेतच होतं, आतड्यातलं विष तपासून. मेल्यावर तासा-दोन तासांत लहान आतड्याचा तुकडा दोन्हीकडून बांधून बर्फात ठेवा. नाहीतर आतलं द्रव्य काढून दर 10 मिलीला क्लोरोफॉर्मचा एक थेंब टाका. विष लवकर नासतं, म्हणून शवविच्छेदनाआधीच बर्फ शोधा. परभणी किंवा उदगीरच्या पशुवैद्यक महाविद्यालयात नमुना न्यायचा असेल तर आधी फोन करून जा.

उरलेल्या कळपाला कोवळ्या गवतावरून काढलं, सकाळी आधी कोरडा कडबा द्यायला सांगितला आणि लस टोचली. ती मेमध्येच द्यायची असते, पहिल्यांदा देत असाल तर 15 दिवसांनी दुसरा डोस. मामा म्हणाले, मेमध्ये कुणी आलंच नाही. मीही गेलो नव्हतो.

वासरांच्या हगवणीला ती पट्टी ठीक आहे, डिक्कीत ठेवू नका एवढंच. माझ्याकडे सात शिल्लक आहेत.