काटा पाच हजारांवर

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये सगळ्यांत स्वस्त गाडी माझी आहे. वॉचमनच्या मुलाने दिवाळीत घेतलेली इलेक्ट्रिक स्कूटर आणि माझी २००२ सालची होंडा सिटी यांच्या किमतीत फारसा फरक नाही. हे त्याला ठाऊक आहे, त्यामुळे आमचं चांगलं जमतं. बाकीच्यांना मात्र पन्नाशीच्या तोंडावर मी हे काय काढलंय ते कळत नाही. घरात उंच, पांढरी, सहा एअरबॅगांची शहाणी गाडी असताना ही बाई रविवारी पहाटे त्या बुटक्या चंदेरी गाडीत वाकून शिरते आणि अकराच्या आत परत येते. डिकीत ना भाजी, ना कुठल्या देवाचा प्रसाद. मग जाते कुठे?

घाटात जाते. एक वळण नीट घ्यायला जाते, असं सांगितलं तर लोक अजूनच काळजी करतात, म्हणून मी "जरा बॅटरी चार्ज करून आणते" असं सांगते.

ही जी सिटी आहे ती आता रस्त्यावर क्वचितच दिसते. होंडाने भारतात मोटार विकायला सुरुवात केली ती १९९८ साली, याच मॉडेलपासून. मुळात ही गाडी आग्नेय आशियासाठी बेतलेली. १९९६ मध्ये ती आधी थायलंडमध्ये आली, आणि जपानी कंपनीची असूनही जपानात कधी विकलीच गेली नाही. २००० साली आपल्याकडे तिला व्हीटेक इंजिन मिळालं: दीड हजार सीसी, १०६ अश्वशक्ती. आज हा आकडा ऐकून कॉलेजचं पोरगंसुद्धा जांभई देईल. पण गाडीचं वजन जेमतेम टनभर. एवढ्या हलक्या अंगाला १०६ घोडे म्हणजे काय, ते त्या वेळी चालवणाऱ्यांनाच कळलं. पुढे २००३ मध्ये नवी सिटी आली. उंच, ऐसपैस, प्रत्येक सिलिंडरला दोन-दोन स्पार्क प्लग, अ‍ॅव्हरेजला उत्तम आणि ताकद ७७ अश्वशक्ती. "किती देते?" हा आपला राष्ट्रीय प्रश्न, आणि त्याला ते चोख उत्तर होतं. व्हीटेकवाले मात्र तेव्हा रुसले ते अजून रुसलेलेच आहेत.

माझा या भानगडीशी संबंध फळ्यावरून आला. मी तंत्रनिकेतनात मेकॅनिकलच्या मुलांना शिकवते. कॅम म्हणजे उंचवटा असलेली फिरती चकती, फॉलोअर म्हणजे तिच्यावर टेकून वर-खाली होणारा दांडा. त्यांच्या आकृत्या काढण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. कॅम एवढा फिरला की फॉलोअर एवढा वर, मग थोडा थांबला, मग खाली. परीक्षेत हमखास येणारा प्रश्न, म्हणून मुलं तो घोकतात. आणि मी दरवर्षी त्याच तासाला सांगत आले की एका जपानी कंपनीने एकाच कॅमशाफ्टवर, म्हणजे कॅम बसवलेल्या दांड्यावर, दोन स्वभाव बसवले. इंजिन हळू फिरत असताना हवा आत घेणारे व्हॉल्व्ह सौम्य उंचवट्यांवर चालतात. थोडे उघडतात, पेट्रोल जपून वापरतात. फेरे वाढले की कॉम्प्युटर एक छोटी झडप उघडतो, तेलाचा दाब एका खिळीला ढकलतो, व्हॉल्व्ह दाबणारे शेजारशेजारचे रॉकर आर्म एकमेकांत अडकतात आणि सगळे मिळून मधल्या उंच, आडदांड उंचवट्यावर चालायला लागतात. व्हॉल्व्ह जास्त उघडतात, जास्त वेळ उघडे राहतात, इंजिन छाती भरून श्वास घेतं. आहे काय त्यात? एक खिळी आणि थोडं तेल. हेच ते होंडाचं व्हीटेक, १९८९ साली पहिल्यांदा रस्त्यावरच्या गाडीत आलं. मी इतकी वर्षं ते खडूने काढलं, डस्टरने पुसलं, आणि पायाखाली मात्र कधी अनुभवलं नाही. मुलगा शिकायला बाहेर गेला, फीचा शेवटचा मोठा हप्ता भरून झाला, तेव्हा मी जाहिराती बघायला लागले.

जुन्या गाड्यांच्या जाहिराती हा स्वतंत्र वाङ्मयप्रकार आहे. "सिंगल ओनर, शोरूम कंडिशन, एक रुपयाचं काम नाही." एक रुपयाचं खरंच नसतं, पंचवीस हजारांचं असतं. मला मिळाली ती सांगलीला, एका निवृत्त दंतवैद्यांकडे. मी आणि नवरा गेलो. डॉक्टर अर्धा तास नवऱ्याला क्लचप्लेट कधी बदलली, टायमिंग बेल्ट कधी बदलला ते सांगत होते आणि मला "वहिनी, चहा घ्या ना" म्हणत होते. शेवटी नवराच म्हणाला, "डॉक्टर, गाडी हिला हवीय. मला पंक्चरसुद्धा कळत नाही." डॉक्टरांनी चष्मा पुसला आणि माझ्याकडे वळून पहिला प्रश्न विचारला, "इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा कुठवर नेणार?"

"लाल रेषेच्या अलीकडे."

"रोज नको. पण आठवड्यातून एकदा ओरडू द्या तिला."

सांगलीतली जुनी गाडी म्हटलं की आधी पूर आठवावा. २००५, २०१९, २०२१. कृष्णेने या गावाला वारंवार धुतलंय. "आमच्या भागात पाणी नव्हतं" असं डॉक्टर म्हणत होते आणि ते खोटं बोलणारे वाटत नव्हते, तरी मी पायाखालचं कार्पेट उचललं, स्टेपनीच्या खड्ड्यात हात घातला, सीटबेल्ट पार शेवटपर्यंत ओढून पाहिला. पुराची बारीक माती तिथे लपून बसते. बेल्टच्या गुंडाळीत तर कुणी धुवायला जात नाही. कोरडं होतं सगळं. इंजिन थंड असताना चालू करून पाहिलं, निळा धूर नाही. तेलाच्या झाकणाखाली पांढरा फेस नाही, म्हणजे तेलात पाणी मिसळत नव्हतं. चारी दारांच्या फटी सारख्या. आणि एका फायलीत पहिल्या सर्व्हिसपासूनची बिलं, तारखेनिशी, पंच करून. मी तेव्हाच मनातल्या मनात होकार दिला होता. घासाघीस केली ती डॉक्टरांच्या बायकोला बरं वाटावं म्हणून.

कागदपत्रांबद्दल फार बोलण्यासारखं नाही. मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३०, आरसी, पीयूसी. नंबर सांगलीचा एमएच-१०च राहिला. एवढ्या जुन्या गाडीचा पूर्ण विमा काढण्यात अर्थ नसतो, म्हणून फक्त थर्ड पार्टी, हजार ते दीड हजार सीसीला ३,४१६ रुपये अधिक कर. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी पासिंग करून नोंदणी वाढवून घ्यावी लागते. वीस वर्षांवरच्या मोटारीसाठी त्याचं शुल्क २०२५ च्या ऑगस्टपासून १०,००० रुपये झालंय. गाडीच्या किमतीच्या मानाने हे म्हणजे फारच झालं, पण सरकारला ती रस्त्यावरून गेलेली हवीय हे उघड आहे. हाय सिक्युरिटी नंबर प्लेटही बसवली. सध्या गाडीचा तोच सर्वांत नवा भाग आहे आणि तो तसा दिसतोही.

आता मजेचं बोलू.

पांढरी गाडी आली तेव्हा नारळ फुटला, पेढे वाटले गेले, शोरूममध्ये लाल कापड दूर करताना आमचा फोटो निघाला. सीटवरचं प्लॅस्टिक आम्ही कितीतरी महिने ठेवलं होतं. मग एक दिवस मंडईजवळ कुणीतरी हँडल घासून गेला आणि आमच्या घरात सुतक पाळावं तशी शांतता पसरली. ती गाडी आम्ही अजूनही जपतो. कर्ज फेडतोय ना तिचं. सिटीचं हे दुःख कुणीतरी आधीच भोगून ठेवलंय. तिची पहिली रेघ वीसेक वर्षांपूर्वी सांगलीत उमटली, तिची किंमत जेवढी पडायची तेवढी डॉक्टरांच्या हिशेबात पडली. माझ्या वाट्याला उरलं ते फक्त चालवणं. मी तिला आंब्याच्या झाडाखाली लावते, पक्षी काय करायचं ते करतात. मला वाटतं हजारांतली ही किंमत हाच त्या गाडीचा सगळ्यांत मोठा गुण आहे. हीच गाडी मला पंचवीस लाखांना पडली असती, तर मी ती मिनिटाला पाच हजार फेऱ्यांपर्यंत नेलीच नसती. डॅशबोर्डला पॉलिश करत बसले असते.

आणि चालवायचं म्हणजे खंबाटकी घाट ओलांडून वाई, तिथून पसरणी घाट. पुण्याहून जाताना खंबाटकीचा चढ मिळतो, येताना बोगदा. म्हणजे जातानाच खरी मौज. पण खंबाटकीत ट्रक फार. पसरणीत रविवारी पहाटे, महाबळेश्वरची गर्दी उठायच्या आत, रस्ता आपला असतो. वाई मागे पडते, चढ लागतो, खाली धोम धरणाचं पाणी दिसायला लागतं. गाडी बुटकी आहे, खिडक्यांच्या काचा मोठ्या, खांब बारीक. वळणाचं दुसरं टोक आधीच नजरेत येतं. हल्लीच्या गाड्यांत आपण बुरुजात बसल्यासारखे असतो. गिअरचा दांडा स्टीलच्या डब्याचं झाकण बसावं तसा खटकन बसतो. अवघड वळणावर दुसरा गिअर, वळण सरळ होता होता पाय दाबायचा. तीन हजार, चार हजार, अजून काही नाही, एक गुणी घरगुती इंजिन. पाच हजारांच्या आसपास आवाज बदलतो. घसा मोकळा होतो, सीट पाठीला किंचित ढकलते, आणि मला स्पष्ट कळतं की आत्ता, या क्षणी, ती खिळी सरकली. फळ्यावरची माझी खिळी!

त्या वेळी वेगाचा काटा साठीच्या आसपास असतो, ही यातली खरी गंमत. एवढा जीव ओतून, एवढा आरडाओरडा करून आम्ही दोघी फक्त साठने चाललेल्या असतो. पांढऱ्या गाडीत साठच्या वेगाला काहीही घडत नाही, एसीचा आवाज इंजिनापेक्षा मोठा असतो. तिच्यात काही जाणवायला हवं असेल तर शंभराच्या पुढे जावं लागेल, आणि पसरणीत शंभर म्हणजे थेट धोममध्ये. हजारो घोड्यांच्या गाड्यांचे व्हिडिओ बघणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांना हे पटत नाही. त्यांना आकडा हवा असतो. मी म्हणते, तुमच्या त्या गाडीतले नव्वद टक्के घोडे जन्मभर तबेल्यातच राहणार. माझे सगळे दर रविवारी चरायला जातात.

एक मात्र सांगायला हवं. हिच्यात एअरबॅग नाहीत, जोरात ब्रेक दाबला तरी चाकं लॉक होऊ न देणारं एबीएस नाही. आपल्याकडे एबीएस आणि चालकाची एअरबॅग नव्या गाड्यांना सक्तीची झाली तीच २०१९ मध्ये. त्यामुळे टायर आणि ब्रेकवर मी हात आखडत नाही, पावसात घाटात नेत नाही, आणि एक्सप्रेसवेला घरच्यांना घेऊन जायचं तर पांढरी गाडीच. याबाबतीत मी अजिबात रसिक नाही.

दुरुस्तीला चाचांकडे जाते. नाना पेठेच्या मागच्या गल्लीत त्यांचं गॅरेज आहे. गॅरेज म्हणजे एक पत्रा आणि एक खड्डा. पहिल्यांदा गेले तेव्हा ते बॉनेटमध्ये डोकं घालून बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मॅडम, हे इंजिन चांगलं आहे. याला आता कुणाच्या हातात देऊ नका." तेव्हापासून चाचांचा शब्द शेवटचा. त्यांनीच पेट्रोलचे सगळे रबरी पाइप बदलून घेतले. आता पंपावर मिळतं त्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, आणि २००२ च्या रबराला त्याची सवय नाही. ते फुगतं, तडकतं. इथेनॉल ऊसातून येतं, गाडी सांगलीची, म्हणजे तसं पाहिलं तर ती माहेरचंच पितेय, तरी सोसत नाही. अ‍ॅव्हरेजही थोडं घसरलं, कारण इथेनॉलमध्ये ऊर्जाच पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्शाने कमी.

सासूबाईंनी सुरुवातीला "जुनं लोखंड" म्हणून तिच्याकडे बघितलंच नव्हतं. एकदा त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. येताना सिग्नलला शेजारी एक तरुण बाइकवाला थांबला, वाकून म्हणाला, "काकू, ओरिजिनल व्हीटेक का? भारी ठेवलीय!" त्याने अंगठा दाखवला, तो सासूबाईंनी स्वतःकडे घेतला. हल्ली त्या विचारतात, "आपली ती जुनी काढतेस का? तीत बसल्यावर लोक बोलतात."

फक्त त्यांना आता मागच्या सीटवर बसवता येत नाही, कारण भाच्याने ओढून ओढून मागच्या डाव्या दाराचं आतलं हँडल तोडलंय. उतरायचं तर काच खाली करून बाहेरून उघडावं लागतं, आणि त्या वयाच्या बाईला हे कसं सांगायचं. नाना पेठेतली दुकानं पालथी घातली. एकाने "ही गाडी अजून आहे?" म्हणत फोटो काढून ठेवला, दुसऱ्याने पुढच्या दाराचं दिलं ते उलटं बसतं. चाचा म्हणतात, कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडे मिळेल, पुढच्या आठवड्यात माणूस पाठवतो. हे ते गेले दोन महिने म्हणतायत. वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या गोठ्यामागे अशी एखादी सिटी झाकून पडली असेल तर कळवा. मागचं, डावं, आतलं. आणि रंग करडा हवा, बेज नको, बेज मिळालंय.