कानाच्या खुणेवर चाललेलं दुकान

आमचं दुकान न्यू जर्सीत, एडिसनपासून फार लांब नाही. १८७७ मध्ये पहिला फोनोग्राफ जिथे तयार झाला ते मेन्लो पार्क आता याच एडिसन टाउनशिपमध्ये येतं, हे दुकान काढल्यावर आम्हाला येईल तो सांगायचा. धंद्याला त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. आम्ही जुन्या एलपी घेतो, धुतो, तपासतो आणि विकतो. मी, नवरा आणि शनिवार-रविवारी मदतीला येणारा एक कॉलेजचा मुलगा, एवढाच पसारा. विक्रीत मोठा वाटा जॅझचा, आणि जॅझमध्ये ब्लू नोट या एका कंपनीचा. भाडं निघतं ते तिच्यावर.

२००८ च्या मंदीत नवऱ्याची नोकरी गेली. मी तेव्हा गाड्यांचे सुटे भाग विकणाऱ्या एका कंपनीत हिशेब लिहीत होते. आसपासची घरं विकली जात होती, म्हातारी माणसं फ्लोरिडाला निघाली होती आणि बेसमेंटमध्ये रेकॉर्ड्सची खोकी पडून होती. नवऱ्याला जॅझचा नाद कॉलेजपासूनचा. मला नव्हता; माझे कान किशोरीताई आणि वसंतरावांवर तयार झालेले. पण ही खोकी पाहून मला एवढं कळलं, की विकणाऱ्याला पैशांपेक्षा जागा रिकामी होण्याची घाई आहे. तेव्हापासून आमचा नियम ठरला: निवडून घ्यायचं नाही, सगळं उचलायचं. त्यात ख्रिसमसची गाणी येतात, ट्रम्पेटवाला हर्ब अल्पर्ट तर हटकून येतो, सँडी आणि आयडा वादळांच्या पाण्यात भिजून एकमेकांना चिकटलेली कव्हरंही येतात. कव्हर गेलं तरी आतली तबकडी बहुतेक वेळा धुतल्यावर वाजते.

सुरुवातीच्या काळात जपानमधल्या एका गिऱ्हाइकानं आमच्याकडच्या ब्लू नोटच्या एलपीबद्दल विचारलं, "कान आहे का?" नवऱ्यानं भिंग आणि टॉर्च काढला. शेवटची खाच संपते तिथून लेबलापर्यंत एक गुळगुळीत पट्टा असतो, त्याला डेड वॅक्स म्हणतात. त्यात एक बारीक ठसा होता, माणसाच्या कानासारखा दिसणारा. खरं तर ते वळणदार इंग्रजी 'पी' अक्षर, प्लास्टिलाइट या कारखान्याचं. १९६६ पर्यंत ब्लू नोटच्या तबकड्या तिथे छापल्या जात. कारखाना होता नॉर्थ प्लेनफिल्डला, म्हणजे आमच्या दुकानापासून गाडीनं अर्ध्या तासाच्या आत.

याच पट्ट्यात दुसरी खूण असते ती 'आरव्हीजी' किंवा 'व्हॅन गेल्डर'. रूडी व्हॅन गेल्डर हा पेशानं डोळे तपासून चष्मे देणारा. हॅकेनसॅक गावातल्या आईवडिलांच्या घराच्या दिवाणखान्यात त्यानं रेकॉर्डिंगची सोय केली होती. १९५३ पासून ब्लू नोटची कामं त्याच्याकडे येऊ लागली; १९५९ मध्ये एंगलवूड क्लिफ्सला उंच लाकडी छताचा स्वतंत्र स्टुडिओ बांधेपर्यंत चष्म्याचं काम चालूच होतं. टेपवरून मास्टर, म्हणजे जिच्यावरून पुढे तबकड्या छापतात ती मूळ तबकडी, कापायचंही काम तोच करायचा, म्हणून त्याची खूण त्या पट्ट्यात. तिसरी खूण लेबलावरचा पत्ता. ७६७ लेक्झिंग्टन ॲव्हेन्यू असेल तर माल १९५७ च्या आसपासचा किंवा त्याआधीचा. ४७ वेस्ट ६३ वा रस्ता असेल तर त्यानंतरचा. नुसतं 'न्यू यॉर्क, यूएसए' असेल तर १९६२ नंतरचा. कंपनी छोटी, नवी लेबलं छापून झाल्यावरही जुनी उरलेली फेकून देत नसे, त्यामुळे एका बाजूला एक पत्ता आणि दुसऱ्या बाजूला दुसरा असंही सापडतं. हँक मोब्ली या सॅक्सोफोनवाल्याच्या १५६८ क्रमांकाच्या एलपीला असल्याच फरकापायी हजारो डॉलर मिळतात. उरलेली लेबलं मीही फेकली नसती. त्या काटकसरीवर पुढे कुणी एवढा पैसा लावील हे मात्र कुणाच्याच हिशेबात नसणार.

इथून मला या कंपनीत रस वाटू लागला, पण संगीतामुळे नाही, वहीमुळे. नवरा कुठला सोलो कुणाचा ते सांगत असे आणि मी विचारत असे, याचे पैसे कुणी दिले?

पैसे पहिल्यांदा दिले मॅक्स मार्ग्युलिस या लेखकानं. आल्फ्रेड लायन हा बर्लिनचा तरुण न्यू यॉर्कमध्ये आयात-निर्यातीच्या एका कंपनीत नोकरी करत होता. डिसेंबर १९३८ मध्ये कार्नेगी हॉलच्या एका कार्यक्रमात त्यानं अल्बर्ट ॲमन्स आणि मीड लक्स लुइस यांचा बूगी-वूगी पियानो ऐकला आणि ६ जानेवारी १९३९ ला भाड्याचा स्टुडिओ घेऊन दोघांना वाजवायला बसवलं. धंद्याचा अनुभव शून्य. त्याच वर्षी सॅक्सोफोन वादक सिडनी बेशे याच्या 'समरटाइम'नं थोडा पैसा दिला. वर्ष संपता संपता लायनचा बालमित्र फ्रान्सिस वुल्फ जर्मनीतून निसटून न्यू यॉर्कला पोहोचला. तो ज्यू होता आणि व्यवसायानं फोटोग्राफर. पुढची तीस-एक वर्षं ऑफिस, पत्रव्यवहार आणि देणी-येणी वुल्फनं पाहिली, आणि रेकॉर्डिंग चालू असताना फोटोही काढले. ते फोटो आज संग्रहालयांत लागतात. मला मात्र त्याच्या हिशेबाच्या वह्या पाहायला मिळाल्या असत्या तर जास्त आवडलं असतं.

१९४७ मध्ये आयक क्वेबेक या सॅक्सोफोन वादकाच्या सांगण्यावरून लायननं पियानोवादक थेलोनियस मंकला पहिल्यांदा स्वतःच्या नावावर रेकॉर्ड केलं. माल खपेना. लायनची तेव्हाची पत्नी लॉरेन दुकानादुकानांत जाऊन मंकच्या रेकॉर्ड्स दाखवत असे आणि दुकानदार नाकं मुरडत. तरी लायन त्याला पुन्हा पुन्हा स्टुडिओत बोलवत राहिला. माझ्या वहीत असा माल एकदाच येतो.

खर्चाच्या बाजूला आणखी एक वेगळी रक्कम आहे. रेकॉर्डिंगच्या आधी तालमीचे दिवस असत आणि त्या दिवसांचे पैसे वादकांना मिळत. बाकीच्या छोट्या कंपन्या वादकांना सरळ स्टुडिओत बोलावून सुरू करत. ब्लू नोटवर नवी, अवघड बांधणीची रचना नीट बसलेली ऐकू येते ती या तालमींमुळे. कव्हरच्या बाबतीत मात्र हात आखडता. १९५६ पासून रीड माइल्स कव्हरं करू लागला. बरीचशी दोन रंगांत, कारण चार रंग परवडत नव्हते. वुल्फचे फोटो कापून, अक्षरं कधी अवाढव्य, कधी एका कोपऱ्यात सारून त्यानं सुमारे पाचशे कव्हरं केली. त्याला जॅझ आवडत नसे. ऐकायचा पाश्चात्य शास्त्रीय. कंपनीकडून मिळालेल्या फुकट प्रती तो जुन्या रेकॉर्ड्सच्या दुकानात देऊन टाकत असे. आमच्यासारख्या एखाद्या दुकानदाराचं त्यात नक्कीच भलं झालं असणार.

१९६४ साली ट्रम्पेट वादक ली मॉर्गनची 'द साइडवाइंडर' आली. कंपनीनं नेहमीप्रमाणे थोड्याच प्रती काढल्या होत्या. त्या हातोहात संपल्या आणि एलपी बिलबोर्ड या अमेरिकन नियतकालिकाच्या खपाच्या यादीत पंचविसाव्या क्रमांकापर्यंत चढली. पियानोवादक हॉरेस सिल्व्हरची एलपीही त्याच सुमारास जोरात चालली. ऐकणारा म्हणेल, वा! हिशेब लिहिणारीला इथेच घाम फुटतो. कारखान्याला छपाईचे पैसे लगेच लागतात. वितरक माल उधारीवर उचलतो आणि पुढचा हिट हातात आल्याशिवाय मागचं बिल चुकतं करत नाही. म्हणजे हिट जितका मोठा तितका तुमचा पैसा दुसऱ्याच्या गोदामात. छोट्या कंपन्या न खपलेल्या मालानं हळूहळू मरतात आणि खपलेल्या मालानं झटकन. लायननं तसं होऊ दिलं नाही, १९६५-६६ मध्ये कंपनी लिबर्टी रेकॉर्ड्सला विकली. १९६७ मध्ये प्रकृतीमुळे तो बाहेर पडला. वुल्फ १९७१ मध्ये जाईपर्यंत काम करत होता.

विक्रीचा हा व्यवहार आमच्या टेबलावर रोज दिसतो. लिबर्टीनं छपाई दुसऱ्या कारखान्यांत नेली, पण 'न्यू यॉर्क, यूएसए'ची लेबलं शिल्लक होती ती वापरून टाकली. लेबल जुन्या कंपनीचं, व्हॅन गेल्डरचा ठसाही जागेवर, आणि कान गायब. किंमत निम्मी, कधी त्याहून कमी. आवाज? नवरा म्हणतो, मास्टर तेच असेल तर फरक फार थोडा. आम्ही यादीत लेबल, पत्ता, ठसा, कान, खाचांवरचे ओरखडे आणि कव्हरची फाटलेली शिवण असं सगळं लिहितो. कान नसला तर पहिल्याच ओळीत, कारण घेणाऱ्यानं भिंग लावून पाहिल्यावर आलेली तक्रार जपानपर्यंतच्या परतीच्या टपालखर्चासकट आपल्याच अंगावर येते. तबकडी पाठवतानाही कव्हरच्या बाहेर काढूनच पाठवायची. आत ठेवली तर टपालातल्या धक्क्यांनी शिवण उसवते.

लिबर्टीनं त्याच सुमारास कॅलिफोर्नियाची वर्ल्ड पॅसिफिक ही कंपनीही घेतली. जॅझपासून सुरू झालेल्या या कंपनीनं पंडित रविशंकरांच्या एलपी अमेरिकेत काढल्या होत्या. त्यामुळे इथल्या मराठी घरांतून येणाऱ्या खोक्यांत कोलकात्याजवळच्या दमदमला छापलेल्या एचएमव्हीच्या नाट्यसंगीताशेजारी वर्ल्ड पॅसिफिकचे रविशंकर निघतात. पुढे २००२ मध्ये त्यांची मुलगी नोरा जोन्स हिचा पहिला अल्बम ब्लू नोटवर आला आणि लायनच्या काळातली कुठलीच तबकडी गेली नव्हती एवढा खपला. तोवर कंपनी ईएमआय या बड्या रेकॉर्ड कंपनीच्या ताब्यात होती. हिट पेलायला मागे तेवढं गोदाम लागतं.

आमच्या घरात एका मुद्द्यावर एकमत कधीच होणार नाही. लायन जितकं रेकॉर्ड करत असे तितकं बाजारात आणत नसे. टीना ब्रुक्स या सॅक्सोफोन वादकाचे स्वतःच्या नावावरची चार रेकॉर्डिंग टेपवर होती. १९७४ मध्ये तो वारला तोवर त्यातलं एकच एलपी होऊन आलं होतं. १९७५ पासून मायकल कस्कुना या निर्मात्यांनी ते साठे धुंडाळले आणि अप्रकाशित टेप बाहेर येत गेले. मी म्हणते, वादकांना आणि स्टुडिओला पैसे देऊन माल कपाटात ठेवणं हा धंदा नव्हे. नवरा म्हणतो, ठेवला म्हणून आज ऐकायला मिळतो. कस्कुना यांनीच चार्ली लूरी यांच्यासोबत काढलेली मोझेइक रेकॉर्ड्स मात्र आम्हा दोघांनाही पटते: प्रती मोजून छापायच्या, क्रमांक घालायचे, टपालानं थेट ऐकणाऱ्याला विकायच्या. मध्ये वितरक नाही.

उधारीचा धडा आम्हाला लायनच्या गोष्टीतून मिळाला असं लिहिलं तर छान वाटेल, पण तो मिळाला शेजारच्या राज्यातल्या एका दुकानाकडून. विकून झाल्यावर पैसे देतो म्हणून त्यांनी आमच्या चांगल्या एलपी नेल्या. विकल्या, आणि फोन उचलायचं बंद केलं. तेव्हापासून दुसऱ्या व्यापाऱ्याला माल रोखीनंच. विक्रीसाठी आमच्याकडे ठेवलेल्या मालाचे पैसे मात्र आम्ही ज्या महिन्यात विकला त्याच महिन्यात देतो, आणि बहुतेक नवी खोकी या एका सवयीमुळे आमच्याकडे येतात.

कोविडमध्ये दुकान बंद आणि टपाल जोरात, असं वर्ष गेलं. २०१९ पासून ब्लू नोटनं जुन्या टेपवरून उत्तम छपाईच्या नव्या आवृत्त्या काढायला घेतल्या आहेत. त्यांनी मधला बाजार खाल्ला: थोडी खरखरणारी, कव्हर फाटलेली मूळ प्रत पूर्वी ऐकणारा घेई, आता तो नवी घेतो. कान असलेल्या स्वच्छ प्रतींचे भाव मात्र उतरलेले नाहीत. आम्हीही नव्या आवृत्त्या थोड्या ठेवतो. नफा किरकोळ, आणि न खपलेला माल परत जात नाही. नवऱ्याला कपाट भरायचं आहे. मी ऑर्डर अर्धी करून पाठवते.