गोयागेट वर्कशॉप : पट्टीने तोंड उघडलं

आधी बातमी, मग रडगाणं. आजोबा बडोद्याच्या गोयागेट रेल्वे वर्कशॉपमध्ये डबे बांधायचे असं मी आजवर धरून चालले होते. ते डबे बांधत नव्हते. ते पॅटर्नमेकर होते, ओतशाळेसाठी (जिथे वितळलेला धातू साच्यात ओततात) लाकडी पॅटर्न, म्हणजे साचा उठवायचे नमुने घडवायचे. पुरावा कागदाचा नाही. त्यांच्या दोन फुटी लाकडी पट्टीचा आहे.

आत्याच्या लोणच्याच्या बरणीखालचं आजोबांचं चार आऱ्यांचं लाकडी चाक मागच्या नोंदीतल्या फोटोत पाहिलंच असेल तुम्ही. त्याच्या मापांनी डोकं पार उठवलं होतं. एकही माप सरळ येईना. व्यास १२ १/८ इंच, मधला तुंबा ३ १/३२. कुठला शहाणा सुतार असली मापं धरून काम करेल? ऑनलाइन मागवलेल्या डिजिटल कॅलिपरवर आधी संशय घेतला, आणि तो खराच निघाला (बॅटरी उतरली की आकडे नाचतात, पैसे वाया घालवू नका). पण क्रिस्टीलच्या स्टील पट्टीनेही तेच सांगितलं. ही पट्टी मात्र जरूर घ्या, या छंदात तिच्याइतकी विश्वासू वस्तू दुसरी नाही.

मग वाटलं, बडोद्याच्या पावसाळ्यांनी लाकूड फुगलं असणार. पण लाकूड फुगतं ते रेषांच्या आडवं, लांबीत जवळजवळ नाहीच. इथे आरे लांबीतही तेवढेच जास्त आणि तुंबाही तेवढाच जास्त. सगळं एकाच प्रमाणात वाढलेलं. शिवाय कडा अखंड फळीची नाही, छोट्या पाकळ्या जोडून केलेली आहे. वरच्या थराचे सांधे खालच्या थराच्या सांध्यांवर येत नाहीत. मुद्दाम वाकू नये म्हणून केलेलं काम ते, वाकेल कशाला?

शेवटी कंटाळून आजोबांचीच पट्टी लावली. व्यास १२. तुंबा ३. रेघेवर रेघ.

दोन्ही पट्ट्या ओट्यावर शेजारी ठेवल्या. शून्याला शून्य जुळवलं आणि दुसऱ्या टोकाला पाहिलं. आजोबांचे २४ इंच स्टीलच्या पट्टीवर २४ १/४ भरले! आत्याला फोन केला तर ती म्हणाली, "अगं, त्या पट्टीला हात लावला की नाना (म्हणजे आजोबा) खेकसायचे. घरच्या कामाला ती नाही म्हणायचे." खेकसणारच. त्या मापाने खिडकीची काच आणली असती तर चौकटीत बसलीच नसती.

ज्यांनी ओतकामाच्या वाटेला कधी पाऊल टाकलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : वितळलेलं बीड (ओतीव लोखंड) थंड होताना फुटामागे साधारण १/८ इंच आकसतं. म्हणून वाळूत दाबायचा पॅटर्न तेवढा मोठा हवा. प्रत्येक माप कागदावर वाढवत बसण्यापेक्षा इंचच लांब आखलेली पट्टी वापरायची, तिला काँट्रॅक्शन रूल म्हणतात. पितळेसाठी वेगळी (फुटामागे ३/१६च्या आसपास), पोलादासाठी त्याहून लांब. आपली बिडाची. टॉर्च आडवा धरून पाहिलं तेव्हा अंगठ्याने झिजलेल्या छापातलं '९६' दिसलं. १ इन ९६ म्हणजे फुटाला १/८. त्या रात्री जेवण गोड लागलं.

त्यानंतर चाकातल्या बाकीच्या खुणाही बोलायला लागल्या. कडेला हलका उतार, वाळूतून न मोडता निघावं म्हणून. आतल्या कोपऱ्यांत भरलेली गोलाई. तुंब्यावरचा काळा खुंट म्हणजे कोअर प्रिंट, मधलं भोक पाडणारा वाळूचा गाभा बसवायची जागा. सपाट बाजूची दोन भोकं मी खिळ्यांची समजून सोडून दिली होती, पण ती अर्धे जुळवायच्या खुंट्यांची. म्हणजे हा अर्धाच पॅटर्न, खुंट्यांचा जोडीदार कुठेतरी असणार. बहुधा पट्ट्यावर फिरणाऱ्या पुलीचा.

आता रडगाणं. विलीनीकरणानंतरच्या सेवेच्या दाखल्यात हुद्दा स्वच्छ 'कारपेंटर' लिहिलाय. बडोदा संस्थान १९४९ साली मुंबई राज्यात गेलं, संस्थानाची रेल्वे जीबीएसआर (गायकवाड्स बडोदा स्टेट रेल्वे) बीबीसीआयकडे (बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे) गेली, आणि १९५१च्या नोव्हेंबरात त्या सगळ्याची वेस्टर्न रेल्वे झाली. इतक्या कमी काळात माणसं एका कंपनीच्या पटावरून दुसऱ्या कंपनीच्या पटावर चढली, त्यात हुद्दा ठोकळ झाला असणार असा माझा कयास. पण कयासावर नोंद बंद करता येत नाही. आजोबांच्या पितळी बिल्ल्यावरच्या नंबरावरून खातं कळलं तर प्रश्न सुटेल. (बिल्ला पॉलिशने घासू नका हो कुणी. कोरीव आकड्यांतला काळा मळ हाच वाचायला कामी येतो.)

डब्यांचे आराखडे शोधायचा बेत त्यामुळे मागे पडला. आता प्रतापनगरच्या (म्हणजे गोयागेटच्याच) १९१९ सालच्या वर्कशॉपचा जुना नकाशा हवा, ओतशाळा आवारात होती की ओतकाम बाहेरून करून घेत होते ते पाहायला. संस्थानाच्या वार्षिक अहवालांपैकी १९२७-२८चा आधी काढेन. आजोबा '२७च्या गणपतीनंतर लागले असं घरात सगळे सांगतात, आणि अहवालाचं वर्ष ३१ जुलैला संपायचं. १९२६-२७च्या अहवालात त्यांच्या वेळचं काही सापडायचं नाही.

हे लिहितानाच सुचलं : पाकळ्या जोडायचं हे काम ते कुठे शिकले? वर्कशॉपमध्ये उमेदवारी करून, की बडोद्याच्या कलाभवन या तंत्रशाळेत? १८९०पासून तिथे हाताने काम करणारी माणसं घडत होती. ते तर दांडिया बाजारातून चालत जायच्या अंतरावर. तिथला माग आधी घ्यावा, अहवाल पळून जात नाहीत.

आणि डभोईच्या चुलतभावाला आत्ताच मेसेज टाकलाय, घरातल्या जड बरण्या, कुंड्या, पिंपं जरा उचलून बघ म्हणून. तुमच्यापैकी कुणाकडे बारा इंचांच्या आसपास व्यासाचा, सपाट बाजूला दोन खुंट्या असलेला लाकडी तुकडा असेल, तर खुंट्यांमधलं अंतर कळवा. माझ्या भोकांमधलं अंतर ४ इंच आहे, आजोबांच्या पट्टीने. स्टीलच्या पट्टीने ४ १/२४च्या आसपास येईल.