दादाचा परिच्छेद

नोव्हेंबर लागला की आमच्या विभागात शिफारसपत्रांचा मोसम सुरू होतो. बडोद्यात मानसशास्त्र शिकवतो म्हटलं की लोक जरा सावरून बसतात, हा आपलं मन वाचतोय की काय म्हणून. त्या महिन्यात मी वाचतो ते अमेरिकी विद्यापीठांची पोर्टलं.

तिथल्या पीएच.डी.चा प्रवेश पालकांना समजावताना माझी दमछाक होते. आपल्याकडे नेट द्या, मुलाखत द्या, मग गाईड मिळेल. तिथे आधी लॅब. अर्ज विभागाकडे जातो, पण उचलतो एकच प्राध्यापक. तो यंदा एखादा विद्यार्थी घेणार असतो, किंवा घेणारच नसतो. हे त्याच्या लॅबच्या पानावर शोधायचं, नाही सापडलं तर मेल करून विचारायचं. जीआरई ही प्रवेशपरीक्षा बऱ्याच ठिकाणी आता मागत नाहीत. त्यामुळे सगळा भार स्वतःबद्दलच्या दोन पानी निवेदनावर आणि तीन पत्रांवर. आणि पत्रांची आपल्याकडची तऱ्हा काय, तर 'तूच लिहून आण, मी सही करतो'. मग तिन्ही पत्रांत मुलगी एकाच शब्दांत कष्टाळू आणि प्रामाणिक. वाचणाऱ्याला कळत नसेल असं माझ्या सहकाऱ्यांना खरंच वाटतं.

फीचं तर बोलायलाच नको. एकेका अर्जाला पाऊणशे-शंभर डॉलर, सात-आठ ठिकाणी भरले की पन्नास-साठ हजार रुपये गेले, नुसते अर्जाचे. याच शहराच्या महाराजांनी १९१३ साली आंबेडकरांना महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन कोलंबियाला धाडलं होतं. आता डीनसाहेबांच्या भाषणात तेवढं येतं, बाकी मुलांनी आपापलं बघावं.

तर असाच अर्ज करणारी ही मुलगी, माझी विद्यार्थिनी. दांडिया बाजारातलं जुनं मराठी घर. एम.ए.च्या प्रबंधासाठी तिने स्ट्रूपचा प्रयोग घेतला होता. १९३५ चा, प्रत्येक पाठ्यपुस्तकात असलेला: 'हिरवा' हा शब्द लाल शाईत लिहायचा आणि शाईचा रंग विचारायचा. माणूस अडखळतो, आणि ते अडखळणं मिलिसेकंदांत मोजायचं. दरवर्षी चार-पाच मुलं हे करतात, निकाल पुस्तकात असतो तोच काढतात आणि सुटतात. हिला आकडे पटेनात. आमच्या प्रयोगशाळेच्या एका कोपऱ्यातल्या मशीनवर बसलेले सगळेच थोडे मंद का? तिने मुलांना सोडून यंत्रं तपासली. कीबोर्ड अदलाबदल करून तीच माणसं पुन्हा बसवली. मंदपणा कीबोर्डबरोबर दुसऱ्या टेबलावर गेला. स्वस्तातला जुना कीबोर्ड बोट दाबल्याची वर्दीच दहा-वीस मिलिसेकंद उशिरा देत होता. पडद्याचंही तसंच: साठ हर्ट्झचा पडदा साधारण १६.७ मिलिसेकंदांनी एकदा नवं चित्र दाखवतो, त्याहून बारीक वेळ तुम्ही कितीही लिहा, दिसणार नाही. तिने जुना सगळा डेटा बाजूला ठेवला, एकच मशीन धरलं, आणि सगळ्यांना पुन्हा बोलावलं. परीक्षेला महिना उरला असताना. इतक्या वर्षांत असं करणारा विद्यार्थी मी पाहिला नव्हता. प्राध्यापकही नाही.

एवढं हातात असताना तिच्या निवेदनाचं पहिलं अख्खं पान दादावर होतं. दादाला स्किझोफ्रेनिया. जेवणाच्या टेबलावर दोघं एकदम बोलले तर त्याला एकाचंही धरता येत नाही, तो उठून जातो. आधी देवळं, मग उतारे, मग उशिरा डॉक्टर. लिहिलं होतं सुंदर. कीबोर्ड दुसऱ्या पानावर, दोन ओळींत.

मी म्हटलं, हे काढ. माझ्याकडे आधार होता. अ‍ॅपलबी आणि अ‍ॅपलबी यांचा २००६ चा लेख मी दरवर्षी वर्गात वाटतो. त्यांनी प्रवेश समित्यांच्या प्रमुखांनाच विचारलं होतं, कशाने अर्ज मरतो. त्यात ठळक उत्तर होतं: निवेदनात मानसिक आजाराच्या खाजगी गोष्टी, गरजेपेक्षा जास्त मन मोकळं करणं. लॅबला संशोधक हवा असतो. घरचं दुःख घेऊन आलेल्याकडे ते रुग्ण म्हणून बघतील, असं मी तिला सांगितलं. दादाचा परिच्छेद काढ आणि कीबोर्डपासून सुरू कर.

ती बराच वेळ कागद बघत होती. मग म्हणाली, "सर, आईपण हेच म्हणते. दादाचं कुठे लिहू नकोस."

आईचं कारण मला विचारावं लागलं नाही. रावपुऱ्यापासून दांडिया बाजारापर्यंत मराठी घरं एकमेकांना ओळखतात आणि हिच्यासाठी स्थळं बघणं चालू होतं. माझ्याकडे शोधनिबंध, त्यांच्याकडे 'लोक काय म्हणतील', आणि दोघांचा सल्ला अक्षरशः एक. मी वर्षानुवर्षं वर्गात सांगतोय की आजार लपवू नका, ज्या घरात तो आहे त्यांनी बोललं पाहिजे. सल्ला तरीही मी बदलला नाही. तो बरोबरच होता, असं मला अजून वाटतं, आणि तेच मला टोचतं.

तिने पान काढलं. एक वाक्य मात्र ठेवलं: गोंगाटात लक्ष टिकवणं किती अवघड असतं ते मी घरात जवळून पाहिलं आहे. ते तरी कशाला, म्हटलं. ऐकलं नाही.

मी माझ्या पत्रात कीबोर्डची गोष्ट सविस्तर लिहिली. पोर्टलला जीमेल चालत नव्हतं, संस्थेचा मेल हवा होता, आणि संस्थेचा मेल म्हणजे पासवर्ड विसरलेलं प्रकरण. शेवटी तक्ता आला: ही विद्यार्थिनी वरच्या एक टक्क्यात, पाच टक्क्यांत, दहा टक्क्यांत? शेवटची ओळ 'भावनिक परिपक्वता'. ज्याबद्दल एक अक्षर लिहू नकोस असं तिला सांगितलं होतं, त्याच्याच जोरावर मी वरच्या एक टक्क्यात खूण केली. अर्जाची मुदत एक डिसेंबर, तिथल्या रात्रीचे ११:५९, म्हणजे आपल्या दोन तारखेच्या सकाळचे १०:२९. तिसरं पत्र नवसारीला लग्नात अडकलेल्या सहकाऱ्याने दहाच्या सुमारास पाठवलं. कष्टाळू आणि प्रामाणिक.

फेब्रुवारीअखेर एका ठिकाणाहून होकार आला, फी माफ आणि स्टायपेंड. १५ एप्रिलपर्यंत उत्तर द्यायचं असतं, हिने त्याच आठवड्यात दिलं. लीलो चेवडो घेऊन आली तेव्हा मी मुलाखतीचं विचारलं.

"त्यांनी पहिलंच विचारलं, हा प्रश्न तुला सुचला कुठून? मी कीबोर्डचं सांगितलं."

"बरोबर."

"मग दादाचंपण सांगितलं, सर. पाचेक मिनिटं."

"काय म्हणाले?"

"ऐकून घेतलं. मग म्हणाले, त्या प्रयोगात माणसं किती होती?"